केबल सोडली, आता टीव्ही का अडतो? छत्रीवाल्याला बोलावण्याआधी करायच्या तपासण्या

"दादा, डब्बा गेला वाटतं." टीव्ही दुरुस्तीच्या कामात हे वाक्य सारखं कानावर येतं. खरं तर डब्बा, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, क्वचितच गेलेला असतो. गेलेलं असतं ते वायरीच्या टोकाच्या पिनेतलं तांबं, छत्रीचा (डिश अँटेनाचा) नट, नाहीतर मोबाईलचा दिवसाचा डेटा.

केबल बंद करून फ्री डिश (दूरदर्शनची महिन्याचं भाडं नसलेली उपग्रह सेवा) किंवा मोबाईल नेटवर टीव्ही बघणारी घरं सोलापुरात आता गल्लोगल्ली आहेत. अशोक चौक, साखर पेठ, विडी घरकुल, अगदी जुळे सोलापूरच्या फ्लॅटांतसुद्धा. २०१९ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाची नवी पद्धत आली तेव्हा नुसतं नेटवर्क भाडंच १३० रुपये होतं. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की १५३ रुपये ४० पैसे, आणि पैशाचे चॅनेल वेगळे. यंत्रमागावर किंवा विड्यांवर चालणाऱ्या घराने वर्षाचा हिशेब मांडला की पहिली काट केबलवर बसते. फ्री डिशचा साधारण दोन हजारांच्या आत-बाहेरचा खर्च एकदाच, महिन्याला काही नाही. फक्त केबलवाल्याच्या पोराला हाक मारायची सोय संपते आणि बिघाड आपल्यालाच शोधावा लागतो.

आधी लक्षणं ओळखा

फ्री डिश असेल तर तक्रार बहुधा यातली एक असते.

- सगळे चॅनेल एकदम गेले, पडद्यावर 'नो सिग्नल'.
- चित्राचे चौकोनी तुकडे पडतात, आवाज तुटतो. वारा सुटला किंवा पावसाची सर आली की जास्तच.
- बाकी सगळं चालतं, पण काही चॅनेल गायब. किंवा यादीत नाव दिसतं, लावलं की पडदा काळा.
- सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटं जातो आणि आपोआप येतो.
- 'एलएनबी शॉर्ट' किंवा तशा अर्थाची सूचना येते. एलएनबी म्हणजे छत्रीच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा भाग.

मोबाईल नेटवर किंवा वायफायवर बघत असाल तर तक्रारी वेगळ्या.

- संध्याकाळी नीट चालतं, रात्री नऊनंतर नुसतं चक्र फिरतं.
- फोनवर चित्र स्वच्छ, टीव्हीवर तेच पुसट.
- वायफाय जोडलेलं दिसतं, तरी टीव्ही 'इंटरनेट नाही' म्हणतो.
- ॲप उघडतं आणि मधेच बंद पडतं.

तुमचं लक्षण वर सापडलं तरी तपासणी पहिल्या पायरीपासूनच करा. गच्चीवर चढायची वेळ फार कमी घरांत येते.

बिघाड नसतो, तरी फोन येतो

पहिला खर्च शून्य रुपयांचा आहे: थांबा. जोराचा पाऊस चालू असेल तर फ्री डिश जाणारच. ती ज्या केयू बँडवर (उपग्रह लहरींच्या एका वरच्या पट्ट्यावर) येते त्याच्या लहरी पावसाच्या दाट थेंबांत विरतात. सर ओसरली की चित्र परत येतं. रिमझिम पावसातही जात असेल तर मात्र छत्री किंचित हललेली आहे असं समजा. कोरड्या हवेत जेमतेम पुरणारा सिग्नल थोड्या पावसात संपतो.

सकाळी अकराची तक्रार मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला येते. त्या दिवसांत त्या वेळी सूर्य सोलापूरहून बघता बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या लहरींच्या गोंगाटात उपग्रहाचा क्षीण सिग्नल बुडतो. काही मिनिटांत सूर्य सरकतो, टीव्ही परत लागतो. मेनूत जाऊन काहीही बदलू नका. खरं नुकसान होतं ते घाबरून केलेल्या 'फॅक्टरी रिसेट'ने.

क्रिकेटचं एक सांगून ठेवतो. भारतीय संघाची मॅच फ्री डिशवरच्या डीडी स्पोर्ट्सवर चालू असते आणि शेजाऱ्याच्या केबलवर त्याच चॅनेलला दुसरंच काही दाखवतात. कुठेही बिघाड नाही. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी वाहिन्यांना दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावं लागतं, पण ते दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यापुरतं आणि फ्री डिशपुरतंच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. केबल सोडून इथे मात्र आपला फायदाच झाला.

आणि जुन्या काडी अँटेनाचं विचारू नका. दूरदर्शनने जुने ॲनालॉग मनोरे बंद केले. पत्र्यावरचा तो अँटेना आता कावळ्यांना बसायला.

स्विच, सोर्स आणि उष्णता

टीव्हीच्या रिमोटवरचं 'सोर्स' किंवा 'इनपुट' बटण दाबून पाहा. डब्बा एचडीएमआयला जोडलेला आणि टीव्ही एव्हीवर, हा प्रकार घरात लहान मूल असलं की ठरलेला. टीव्हीचं स्वतःचं 'नो सिग्नल' आणि डब्ब्याचं 'नो सिग्नल' वेगळं असतं. डब्ब्याच्या रिमोटचं मेनू बटण दाबल्यावर मेनू आला, तर टीव्ही आणि डब्बा यांच्यामधली जोडणी ठीक आहे आणि दोष डब्ब्याच्या पलीकडे, छत्रीकडे आहे. मेनूच आला नाही तर गच्चीकडे बघायचंसुद्धा कारण नाही.

मग डब्बा भिंतीवरच्या बटणावरून बंद करा. रिमोटने नव्हे. पाचेक मिनिटं थांबून परत चालू करा. रिमोटने बंद केलेला डब्बा आतून जागाच असतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो. पत्र्याच्या खोलीत टीव्हीमागे कोंबलेला, वर क्रोशाचा रुमाल घातलेला डब्बा दुपारी अडकून बसतो. रुमाल काढा, डब्बा मोकळ्या हवेत ठेवा. एवढ्यावर बऱ्याच घरांचं काम भागतं.

दोन पट्ट्या वाचा

इथे घाई करू नका. पुढचं सगळं यावर ठरतं.

डब्ब्याच्या मेनूत 'इन्स्टॉलेशन' किंवा 'अँटेना सेटिंग' असं काहीतरी असतं. तिथे दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. लोक स्ट्रेंथ बघून खूश होतात. त्या पट्टीचा अर्थ एवढाच, की एलएनबीला वीज पोचते आहे आणि वायरीतून काहीतरी परत येतं आहे. छत्री आकाशाऐवजी शेजारच्या भिंतीकडे तोंड करून असली तरी स्ट्रेंथ बऱ्यापैकी दिसू शकते. आपला उपग्रह सापडला आहे की नाही, ते क्वालिटी सांगते.

दोन्ही शून्य असतील तर वायर, पिन, एलएनबी, नाहीतर डब्ब्याकडून वर जाणारी वीज यांत दोष आहे. छत्रीला हात लावू नका, ती बिचारी जागेवरच असते.

स्ट्रेंथ आहे पण क्वालिटी शून्य असेल तर छत्री फिरली आहे, समोर काही आडवं आलं आहे किंवा सेटिंग बिघडलं आहे.

क्वालिटी सारखी वरखाली नाचत असेल तर कुठेतरी ढिलं किंवा ओलं आहे. पिन हलवून पाहा, पट्टी उडते का बघा.

दोन्ही चांगल्या आणि तरी ठरावीक चॅनेलच नसतील, तर पुढची पायरी तुमच्यासाठी. पण आधी दोन्ही आकडे कागदावर लिहून ठेवा. ज्या दिवशी सगळं नीट चालू असेल त्या दिवशीचे आकडेही लिहून डब्ब्याच्या पोटाला चिकटवून ठेवलेत, तर फारच बरं. तुलनेला काही नसलं की मीसुद्धा अंदाजच करतो.

चॅनेल गायब: आधी स्कॅन, मग कुरकुर

फ्री डिशवरच्या खासगी चॅनेलांच्या जागा प्रसार भारती लिलावाने देते, आणि ही अदलाबदल बहुधा एक एप्रिलच्या सुमारास होते. ज्याने जागा घेतली नाही तो चॅनेल जातो, नवा येतो, काहींची जागा सरकते. तुमच्या डब्ब्यात मात्र जुनी यादी असते. म्हणून मेनूत जाऊन 'ऑटो स्कॅन' करा. त्याआधी तीन गोष्टी बघा: उपग्रहाचं नाव जीसॅट-१५ किंवा ९३.५ अंश पूर्व असं हवं, एलएनबीचा प्रकार 'युनिव्हर्सल', आणि फ्रिक्वेन्सी ९७५०/१०६००. मुलांनी खेळता खेळता ही तिसरी ओळ बदलली की पट्ट्या ठीक दिसूनही स्कॅनमध्ये काहीच सापडत नाही.

स्कॅननंतर नाव येतं पण पडदा काळा राहतो, तेव्हा डब्बा जुना आहे. काही चॅनेल एमपेग-४ पद्धतीने येतात आणि जुने एमपेग-२ डब्बे ती भाषा उलगडू शकत नाहीत. यावर दुरुस्ती नाही. नवा डब्बा घेण्याआधी टीव्हीच्या पाठीमागे मात्र बघून घ्या. बऱ्याच नव्या टीव्हींत उपग्रहाचा ट्यूनर आतच असतो, मागे आटे असलेली पितळी जोडणी आणि शेजारी 'सॅटेलाइट' लिहिलेलं. छत्रीची वायर थेट तिथे लावून टीव्हीच्याच मेनूत स्कॅन करा. डब्ब्याचे पैसे वाचतात आणि एक रिमोटही कमी होतो.

पूर्व भागातल्या घरांतून आजींसाठी तेलुगू चॅनेलची मागणी असते. डीडी यादगिरी आणि डीडी सप्तगिरी फ्री डिशवर आहेत. अक्कलकोटकडच्या कन्नड घरांना डीडी चंदना, मराठीला सह्याद्री. पण केबलवर पैसे भरून बघत होतात त्या सगळ्या मालिका इथे मिळणार नाहीत. कितीही स्कॅन केलं तरी नाही. त्या नाहीत म्हणून छत्री फिरवत बसू नका.

फ्री डिशला रिचार्ज नसतो. 'फ्री डिशचं वर्षाचं रिचार्ज संपलं, एवढे पाठवा' असा फोन आला तर ती फसवणूक समजून ठेवून द्या.

पिन आणि वायर: खरा चोर इथेच

केबल सोडून आलेल्या घरांत एक दोष मला पुन्हा पुन्हा सापडतो, आणि तो छत्री विकणारा कधी सांगत नाही. केबलवाल्याची जुनी वायर भिंतीतून आधीच आलेली असते. पैसे वाचवायला तीच छत्रीला जोडतात. शिवाय एका वायरीच्या दोन करणारा मधला जुना स्प्लिटर तसाच राहतो.

केबल टीव्हीचा सिग्नल साधारण ८६० मेगाहर्ट्झच्या खाली चालायचा. छत्रीचा एलएनबी खाली पाठवतो तो सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला असतो. जुनी बारीक वायर इतक्या वरच्या लहरी वाटेतच गिळते. केबलचा स्प्लिटर तर १००० च्या पुढचं बहुधा अडवतोच, आणि डब्ब्याकडून एलएनबीकडे जाणारी वीजही त्यातून नीट जात नाही. एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट लागतात आणि ते याच वायरीतून वर चढतात. म्हणून छत्री ते डब्बा अशी एकसंध, मधे सांधा नसलेली आरजी-६ वायर (छत्रीसाठीची जाड, जाळीवाली वायर) हवी. सध्याची वायर कोणती ते तिच्या अंगावरच छापलेलं असतं, वाचा. बदलायची असेल तर नवी पेठेत किंवा कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मीटरवर मिळते.

एका छत्रीवर दोन खोल्यांतले दोन टीव्ही हवे असतील तर स्प्लिटर नको, दोन तोंडांचा एलएनबी घ्या आणि दोन स्वतंत्र वायरी ओढा. स्प्लिटरवर दोन डब्बे एकाच एलएनबीला दोन वेगळे हुकूम देतात. मग एक टीव्ही लावला की दुसऱ्यावरचे चॅनेल जातात आणि घरात भांडण लागतं.

आता पिन. डब्बा भिंतीवरून बंद करूनच वायर काढा. चालू डब्ब्यावर पिन काढता-लावताना मधली तार जाळीला टेकली की शॉर्ट होतो, आणि कधीकधी त्यात डब्ब्याचा वीज देणारा भाग जातो. आधी डब्ब्याकडची पिन बघा, कारण तिला शिडी लागत नाही. मधली तांब्याची तार पिनेच्या तोंडाबाहेर दोनेक मिलिमीटर यायला हवी, सरळ आणि चकचकीत. हिरवट किंवा काळी पडलेली असेल तर पाणी आत शिरलं आहे. बाहेरच्या जाळीचा एखादाच केस मधल्या तारेला टेकला तरी डब्बा 'एलएनबी शॉर्ट' म्हणतो. वायर इंचभर कापा, नव्याने सोला, नवी पिन पिळून बसवा. पिनेची किंमत चहाएवढीसुद्धा नसते, म्हणून जुनी साफ करत बसू नका.

वरच्या, एलएनबीकडच्या पिनेचीही हीच तपासणी, पण गच्ची सुरक्षित असेल तरच. आपल्याकडचं ऊन इथे फार काम करतं. मे महिन्यात वायरीच्या वरच्या प्लास्टिकला आणि एलएनबीच्या टोपीला बारीक तडे जातात. तेव्हा काहीच बिघडत नाही, हवा कोरडी असते. सोलापूरला पाऊस खरा पडतो तो सप्टेंबरात, परतीचा. तेव्हा त्या तड्यांतून पाणी आत जातं आणि आमचे फोन वाजू लागतात. वरच्या पिनेवर रबरी टोपी किंवा पाणी न घेणारी टेप लावा, आणि पिनेच्या आधी वायरीला खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी पिनेत न जाता झोळावरून गळून पडेल. साधी काळी इन्सुलेशन टेप उन्हात एका मोसमात सुटते.

छत्री: दिशा, झाड आणि कपड्यांची दोरी

इथवर काहीच सापडलं नसेल आणि स्ट्रेंथ आहे पण क्वालिटी नाही, अशी अवस्था असेल तरच गच्चीवर जा.

जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेवर आहे. सोलापूरहून तो आग्नेयेला, उत्तरेपासून मोजलं तर साधारण १३४ अंशांवर, आणि क्षितिजापासून सुमारे ६१ अंश उंच दिसतो. म्हणजे बराच डोक्याकडे. छत्री मात्र तेवढी वर बघताना दिसत नाही. या छत्र्यांची पाती मुद्दाम तिरपी बनवलेली असते आणि एलएनबी खालच्या बाजूला असतो, त्यामुळे छत्री दिसते त्यापेक्षा साधारण २५ अंश वर बघत असते. हे माहीत नसलेले लोक समोरच्या इमारतीला दोष देतात. हिशेब करा: छत्रीपासून दहा फुटांवरची भिंत छत्रीहून जवळपास अठरा फूट उंच असेल तरच आडवी येते. इमारत सहसा येत नाही. येतो तो शेजारचा वाढलेला कडुलिंब, नारळाची झावळी, किंवा स्लॅबवर नवीन चढवलेली पाण्याची टाकी. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात टाक्यांची संख्या वाढतच असते.

अडथळा शोधायची एक फुकटची युक्ती आहे. वर सांगितलेल्या मार्च आणि ऑक्टोबरच्या दिवसांत, सकाळी अकराच्या सुमारास छत्रीवर कशाची सावली पडते ते बघा. तेव्हा सूर्य आणि उपग्रह एकाच रेषेत असतात. सावली ज्याची, अडथळा त्याचाच.

आता छत्रीकडे वळा. भिंतीतले बोल्ट, खांबावरची पट्टी, मागचे नट हाताने हलवून पाहा. दोन फुटी छत्री एक अंशाने फिरली तर कडेला फरक पडतो जेमतेम अर्धा सेंटिमीटर. डोळ्याला तो दिसत नाही, पण क्वालिटी उतरायला पुरतो. छत्री हलते कशाने? वाऱ्याने कमी, आणि एलएनबीच्या दांड्याला बांधलेल्या कपड्यांच्या दोरीने जास्त. ओल्या चादरींचं वजन कुणी लक्षात घेत नाही. दोरी सोडा. संक्रांतीच्या सुमारास पतंगाचा मांजा एलएनबीभोवती गुंडाळलेला सापडतो, तोही काढा. छत्रीवरची धूळ पुसली तर नुकसान नाही, पण तेवढ्याने सिग्नल येईल अशी आशा धरू नका. फॉइल चिकटवणं, स्टीलचं ताट बांधणं हे उद्योग तर अजिबात नकोत. त्याने छत्रीचा बाक बिघडतो आणि सिग्नल एलएनबीवर जमायचा तो विखुरतो.

नट ढिला करण्याआधी खडूने किंवा मार्करने खांबावर आणि पट्टीवर एकच रेघ ओढा. चुकलं तर परत तिथे येता येतं. एक जण टीव्हीसमोर क्वालिटीची पट्टी बघत बसेल, दुसरा वर, दोघांचे फोन चालू. बोटभरही नाही, अगदी किंचित सरकवा आणि तीन-चार सेकंद थांबा. डब्बा पट्टी उशिरा बदलतो. न थांबता फिरवत राहिलं की सिग्नल येऊन निघून जातो आणि कळतही नाही. आधी डावीकडे-उजवीकडे, मग वर-खाली, शेवटी एलएनबी त्याच्या पकडीत हळूहळू फिरवून क्वालिटी जास्तीत जास्त करा. नट आवळतानाही पट्टीवर लक्ष असू द्या, कारण आवळताना छत्री थोडी सरकतेच. फोनमधलं होकायंत्र वापरणार असाल तर छत्रीपासून आणि लोखंडी जिन्यापासून चार पावलं लांब उभं राहून बघा. लोखंडाजवळ ते खोटं बोलतं.

जुनी डीटीएचची छत्री पडून असेल तर ती चालते, पण दिशा वेगळी असते. सन डायरेक्टची छत्री आधीच ९३.५ कडे असते. डिश टीव्हीची ९५ अंशांकडे, म्हणजे अगदी शेजारी. अशा छत्रीवर स्ट्रेंथ जोरात दिसते आणि स्कॅनमध्ये भलतेच, बंद चॅनेल सापडतात. किंचित पश्चिमेकडे, म्हणजे दक्षिणेच्या अंगाला सरकवा.

पिन आणि वायर नवी करूनही दोन्ही पट्ट्या शून्यच असतील, तर एलएनबी बदला. ओळखीच्या घरातला चालू एलएनबी पाच मिनिटं लावून बघितला तर विकत घेण्याआधीच उत्तर मिळतं. डब्ब्याचंही तसंच: शेजाऱ्याचा डब्बा आपल्या वायरीला लावा. लागला तर दोष आपल्या डब्ब्यात किंवा त्याच्या ॲडॅप्टरमध्ये. ॲडॅप्टर आधी बदला, तो स्वस्त. त्यावर छापलेले व्होल्ट मात्र जुळलेच पाहिजेत.

नेटवर बघणाऱ्यांसाठी

रात्री नऊनंतर चक्र फिरतं, याचं कारण बहुतेक वेळा नेटवर्क नसून कोटा असतो. दिवसाला दीड जीबीचा प्लॅन असेल आणि एचडी चित्र तासाला तीन जीबीपर्यंत खात असेल, तर अर्ध्या तासात दिवस संपला. त्यानंतर बहुतेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्यावर मेसेज जातो, व्हिडिओ नाही. कोटा रात्री बाराला परत भरतो, म्हणून "मध्यरात्री आपोआप सुधारतं" असं लोक सांगतात. आधी फोनमध्ये शिल्लक डेटा बघा. मग ॲपच्या सेटिंगमध्ये चित्राचा दर्जा एसडीवर आणा. ३२ इंची टीव्हीवर बातम्या आणि कीर्तन बघायला तेवढा पुरेसा आहे.

कोटा शिल्लक असूनही अडत असेल तर वेग मोजा, आणि तो टीव्हीजवळ बसून. राउटरच्या शेजारी बसून मोजलेला वेग काही कामाचा नाही. साध्या एचडीला ३ ते ५ एमबीपीएस पुरतात, फोर-केला १५ लागतात. टीव्हीजवळ वेग पडत असेल तर राउटर कपाटातून बाहेर काढा. जुन्या वाड्यांच्या दगडी भिंतींमधून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय फारसं जात नाही, तिथे टीव्ही २.४ वर जोडा. फ्लॅटमध्ये उलट, तिथे २.४ वर सगळ्या शेजाऱ्यांची गर्दी असते. लॅनची वायर ओढता आली तर दोन्ही प्रश्न मिटतात.

वायफाय जोडलेलं, तरी 'इंटरनेट नाही'? टीव्हीची तारीख आणि वेळ बघा. वीज जाऊन आल्यावर काही टीव्ही जुन्या तारखेवर जातात, आणि तारीख चुकली की ॲपला सर्व्हरची ओळख पटत नाही. ॲप मधेच बंद पडत असेल तर टीव्हीची मेमरी भरली आहे, न वापरलेले ॲप काढा.

फोनवर चित्र स्वच्छ आणि टीव्हीवर पुसट असेल तर स्वस्त स्टिक किंवा बॉक्स बघा. ज्या यंत्राला कॉपीपासून संरक्षणाची वरची पातळी मिळालेली नसते, त्याला पैशाची ॲप एचडी देतच नाहीत. तुमचं नेट कितीही वेगवान असो. जुन्या मॉनिटरला एचडीएमआय-टू-व्हीजीए लावून पडदा काळा येतो, त्यामागेही असंच संरक्षण असतं.

फुकटात काय बघायचं, हा प्रश्न नेहमीचा. यूट्यूब आहेच. प्रसार भारतीचं वेव्हज हे ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं, त्यावर दूरदर्शनचे चॅनेल थेट दिसतात. छत्री लावायला जागा नसलेल्या भाड्याच्या खोलीत ते चांगलं. ॲमेझॉनचं एमएक्स प्लेअर जाहिरातींसह फुकट आहे. 'सगळे पैशाचे चॅनेल फुकट' म्हणत व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फाइल मात्र टीव्हीत टाकू नका. त्याच टीव्हीत तुमचं गुगल खातं उघडं असतं.

इथे थांबा, माणूस बोलवा

गच्चीला कठडा नसेल, छत पत्र्याचं किंवा सिमेंटच्या पन्हाळीचं असेल, छत्री भिंतीच्या बाहेर लटकवलेली असेल, तर चढू नका. विजेच्या तारा छत्रीच्या हाताच्या अंतरावरून जात असतील तर माझ्यासारख्यालाही नका चढवू, आधी महावितरणला सांगा. आकाशात विजा चमकत असताना वायर काढायलाही गच्चीवर जाऊ नका, खाली टीव्हीचा प्लग काढून ठेवा.

पिनेला हात लावल्यावर किंचित झिणझिणी आली तर ती दोन पिनांच्या ॲडॅप्टरची गळती असू शकते. डब्बा बंद करून काम करा. झटका बसला किंवा छत्रीच्या लोखंडाला टेस्टर जोरात पेटला, तर हे टीव्हीचं काम राहिलेलं नाही. मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. घरातच माग चालत असेल आणि माग सुरू झाला की टीव्ही बंद पडत असेल, तरी वायरमनच बघेल. डब्बा बदलून काही होणार नाही.

जळका वास, ॲडॅप्टरची फुगलेली पाठ, टीव्हीच्या पडद्यावर उभ्या रेघा: इथे पेचकस हातातही घेऊ नका. टीव्हीच्या आत प्लग काढल्यानंतरही काही वेळ धोक्याचा दाब साठलेला असतो.

आणि बोलावताना फोनवर एवढं सांगा: स्ट्रेंथ किती, क्वालिटी किती, डब्ब्याचा मेनू येतो का, वायर कोणती छापलेली आहे, छत्री कुठे आहे आणि तिथे शिडीशिवाय जाता येतं का. येणारा माणूस योग्य सामान घेऊन येतो, एकच फेरी होते आणि 'बघायला आलो' म्हणून दुसऱ्यांदा पैसे द्यावे लागत नाहीत. कोणी पट्ट्या न बघताच "डब्बा बदलावा लागेल" म्हणाला, तर त्याला आधी मेनू उघडायला सांगा.